वॉर्डातल्या चुका एकमेकांना सांगण्याची घडी कशी बसवायची

चाळीस खाटांचं रुग्णालय घ्या. एका रुग्णाला दिवसाकाठी आठ-दहा औषधं धरली, तर रोज तीन-चारशे वेळा कोणीतरी केस पेपर वाचतं, औषध काढतं, मोजतं आणि देतं. एवढ्या वेळांत हात एकदाही चुकणार नाही, असं होत नाही. ज्या वॉर्डाचं चुकांचं रजिस्टर कोरं आहे, तिथे चुका होतात पण बोलल्या जात नाहीत, एवढंच समजावं. आणि न बोललेली चूक महिन्याभराने दुसऱ्या पाळीत, दुसऱ्या हातून पुन्हा होते. तेव्हा रुग्णाचं दैव बलवत्तर असेलच असं नाही.

पुढची पद्धत तीस ते शंभर खाटांच्या रुग्णालयांसाठी आहे. तिथे वेगळा गुणवत्ता विभाग नसतो. मेट्रन (सिस्टरांच्या प्रमुख), एक-दोन फार्मासिस्ट, आरएमओ (वॉर्डात ड्यूटीवर असणारे डॉक्टर), सिस्टर, ब्रदर आणि मावशी एवढ्यांवरच गाडा चालतो. लागणारं सामान थोडं आहे: चूक कळवायची अर्ध्या पानाची छापील चिठ्ठी, ती टाकायला कुलूप लागणारी पेटी, चिठ्ठीवर बोलायला आठवड्याला २० मिनिटांची बैठक, आणि चिठ्ठी आल्यापासून सात दिवसांत वॉर्डात काहीतरी बदलून दाखवण्याची तयारी. यातली शेवटची गोष्ट नसेल तर बाकीच्या तिन्ही वाया जातात. ‘न घाबरता सांगा’ अशा पाट्या वाचून कोणी बोलत नाही. शेजारच्या सिस्टरने सांगितलं आणि दोन दिवसांत ट्रॉलीतली धोक्याची बाटली हलली, हे डोळ्यांनी दिसलं की माणसं बोलायला लागतात.

शिक्षेची रेघ आधी आखा

पेटी लावायच्या आधी एक पान लिहून काढा आणि त्यावर रुग्णालयाच्या प्रमुखांची सही घ्या. स्वतःहून सांगितलेल्या कोणत्या चुकीला शिक्षा नाही आणि कशाला आहे, हे त्या पानावर स्पष्ट हवं. पगारकपात नाही, मेमो नाही, गोपनीय अहवालात नोंद नाही, ‘नाईट लावतो बघ’ नाही, हे याच शब्दांत लिहा. मोघम ‘दोषारोप केला जाणार नाही’ असं लिहिलं की प्रत्येक जण आपापल्या भीतीप्रमाणे त्याचा अर्थ लावतो.

दुसऱ्या बाजूला काय येतं तेही लिहा: केस पेपरमध्ये मागाहून फेरफार करणं, रुग्णाला त्रास होत असताना चूक लपवणं, नशेत ड्यूटीवर येणं, जाणूनबुजून इजा करणं. या गोष्टी चूक-बैठकीत येत नाहीत, त्या थेट व्यवस्थापनाकडे जातात.

मधला प्रदेश अवघड असतो. सिस्टरने हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) दुसऱ्या सिस्टरला न दाखवता दिलं, तर हा निष्काळजीपणा की नाइलाज? यासाठी एक प्रश्न उपयोगी पडतो: एवढंच शिक्षण आणि एवढाच अनुभव असलेली दुसरी सिस्टर त्या रात्री त्या जागी असती, तर तिनेही हेच केलं असतं का? रात्री एका मजल्यावर एकच सिस्टर असेल, तर ‘दोघींनी तपासा’ हा नियम कागदावरच राहणार. उत्तर ‘हो’ आलं, तर दोष ड्यूटी लिस्टचा आहे आणि दुरुस्तीही तिथेच करायची.

चिठ्ठी कोणाच्या हातात पडते

अमेरिकेत विमान वाहतुकीतल्या चुका कळवण्याची एक व्यवस्था १९७६ पासून चालू आहे. वैमानिकांना दंड करण्याचे अधिकार ज्या सरकारी यंत्रणेला आहेत, तिच्याकडे हे अहवाल जात नाहीत. ते नासाकडे जातात. नासाला कोणाचा परवाना काढता येत नाही. अहवालावर नावाची एक पट्टी असते. काही विचारायचं असेल तर नासाचे लोक तिच्यावरून संपर्क साधतात आणि मग ती फाडून वैमानिकाला परत पाठवतात. नाव त्यांच्याकडे उरतच नाही.

वॉर्डात हीच रीत वापरा. जो ड्यूटी लिस्ट लावतो, रजा मंजूर करतो किंवा पगाराच्या कागदावर सही करतो, त्याच्याकडे पेटीची किल्ली देऊ नका. म्हणजे मेट्रन नाही आणि मालक डॉक्टरही नाहीत. ड्यूटी न लावणारी एखादी अनुभवी सिस्टर आणि फार्मासिस्ट अशी जोडी नेमा. यापुढे त्यांना समन्वयक म्हणू. फार्मसीकडूनही चुका होतात, म्हणून एकट्या फार्मासिस्टकडे काम देऊ नका.

निनावी चिठ्ठीचा आग्रह मात्र धरू नका. छोट्या रुग्णालयात तारीख आणि पाळी लिहिली की नाव आपोआप कळतं, आणि निनावी चिठ्ठीवर पुढचं काही विचारता येत नाही. त्यापेक्षा चिठ्ठीच्या तळाशी छिद्रांची रेघ मारलेली, फाडता येणारी पट्टी ठेवा. तीवर सांगणाऱ्याचं नाव, मोबाईल आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक. समन्वयकाने तीन दिवसांत काय ते विचारून घ्यायचं आणि पट्टी सांगणाऱ्याच्या हातात परत द्यायची. ती पट्टी हातात पडली की दुसरी चिठ्ठी लिहायला माणूस कचरत नाही.

पेटी कुठे टांगता यालाही महत्त्व आहे. मेट्रनच्या केबिनबाहेर किंवा सीसीटीव्हीखाली लावली तर ती रिकामीच राहील. सिस्टरांच्या चेंजिंग रूममध्ये किंवा त्या इंडेंट (वॉर्डाच्या मागणीची यादी) घेऊन जातात त्या फार्मसीच्या वाटेवर लावा, आणि कोऱ्या चिठ्ठ्या व पेन शेजारीच ठेवा. रुग्णालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप यासाठी अजिबात वापरू नका. केस पेपरचा फोटो ग्रुपवर पडला की तो कोणाकोणाकडे जाईल याला धरबंध राहत नाही.

चिठ्ठीत काय विचारायचं

चिठ्ठी मराठीत हवी आणि चार-पाच मिनिटांत भरून व्हायला हवी. प्रश्न सहाच:

१. तारीख, पाळी, वॉर्ड. (रुग्णाचं नाव इथे नको.)
२. काय द्यायचं होतं? औषध, डोस, मार्ग, वेळ.
३. काय दिलं गेलं, किंवा दिलं जाता जाता राहिलं?
४. कसं लक्षात आलं?
५. त्या वेळी वॉर्डात काय चालू होतं? रुग्ण किती, सिस्टर किती, नवी ॲडमिशन, फोन, वीज गेलेली, काहीही.
६. काय बदललं तर हे पुन्हा होणार नाही असं तुम्हाला वाटतं?

पाचवा प्रश्न सगळ्यात मोलाचा असतो, आणि घाईत तोच कोरा सोडला जातो. समन्वयकाने फोन करून पहिल्यांदा तोच भरून घ्यावा. ‘तेव्हा एकाच वेळी दोन ॲडमिशन आल्या होत्या आणि मी एका हाताने फोन धरून इंजेक्शन भरत होते’ या एका वाक्यात अर्धी चौकशी होऊन जाते.

‘निष्काळजीपणाचे कारण’, ‘जबाबदार व्यक्ती’ असे रकाने चिठ्ठीत चुकूनही ठेवू नका. आणि चिठ्ठी मावशींनाही लिहिता आली पाहिजे. लिहिण्याची सवय नसेल तर त्यांनी सांगावं आणि समन्वयकाने लिहून घ्यावं. दोन रुग्णांचे केस पेपर एकाच उशीखाली गेल्याचं किंवा रिकाम्या खाटेवर आदल्या रुग्णाची सलाईन लटकत राहिल्याचं मावशींना सगळ्यांच्या आधी दिसतं.

घडता घडता राहिलेल्या चुका मुद्दाम मागा. औषध भरलं, पण टोचायच्या आधी लक्षात आलं. फार्मसीने चुकीची पट्टी पाठवली आणि ती परत केली. यात कोणाला इजा झालेली नसते, त्यामुळे भीती कमी असते, आणि कारण तेच असतं जे उद्या इजा करणार आहे. सुरुवातीचे दोन महिने फक्त अशाच चिठ्ठ्या घेतल्या तरी चालेल. लोकांचा हात बसतो.

चूक प्रत्यक्ष घडली त्या घडीला

चिठ्ठी नंतर. आधी रुग्ण. नाडी, रक्तदाब, शुद्ध, गरजेप्रमाणे साखर बघा आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना लगेच फोन करा. फोनवर पहिलं वाक्य सरळ हवं: ‘सर, चार नंबरच्या पेशंटला पाच नंबरचं इंजेक्शन गेलंय, आत्ता दहा मिनिटांपूर्वी.’ ‘सर, पेशंटला जरा अस्वस्थ वाटतंय’ असं गोल बोललं की डॉक्टर वेगळ्याच दिशेने विचार करतात आणि उताऱ्याची वेळ निघून जाते.

ॲम्प्युल, बाटली, सिरिंज, लेबल फेकू नका. ट्रेमध्ये बाजूला ठेवा आणि वर कागद लावा. शार्प्सच्या (वापरलेल्या सुया टाकायच्या) डब्यात गेलं की काय दिलं आणि किती दिलं हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

केस पेपरवर घडलं ते वेळेसकट लिहा: काय दिलं, किती वाजता, डॉक्टरांना किती वाजता कळवलं, त्यांनी काय करायला सांगितलं. आधीचं खोडायचं असेल तर एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि वेळ. व्हाइटनर नाही, पान बदलणं नाही. कोणाचं चुकलं, का चुकलं हे केस पेपरवर लिहायचं नसतं. ते बैठकीत बोलायचं.

नातेवाइकांना त्याच दिवशी सांगायचं, आणि सांगायचं ते उपचार करणाऱ्या मुख्य डॉक्टरांनी. हे काम सिस्टरवर किंवा नव्या आरएमओवर ढकलू नये. काय झालं, आता काय करतोय, पुढचे किती तास लक्ष ठेवणार, एवढं साध्या मराठीत. नातेवाइकांना बाहेरून कळलं तर रागाला पारावार राहत नाही. महाराष्ट्रात रुग्णालयांवरच्या हल्ल्यांसाठी २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, पण जमाव वॉर्डात शिरल्यावर त्या क्षणी सिस्टरला त्याचा आधार वाटत नाही. ही भीती हेही चुका दडवण्याचं एक कारण आहे आणि ते खरं कारण आहे.

ज्या सिस्टरच्या हातून झालं, तिचं काय? तिचे हात थरथरत असतात आणि पुढची तीन इंजेक्शनं अजून भरायची असतात. तासाभरासाठी औषधांचं काम दुसऱ्या कोणाकडे द्या, तिला बसवा, चहा द्या, आणि घरी जायचं का हे तिलाच विचारा. ‘जा तू घरी’ असं कोणी वरून सांगितलं की तिला ती हकालपट्टी वाटते. वॉर्डही तसंच समजतो, आणि पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही.

बैठक

आठ ते दोन, दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा पाळ्या असतील, तर आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि हँडओव्हर झाल्यावर दोन ते दोन वीस बसा. सकाळच्या पाळीला थांबावं लागतं, म्हणून ती वीस मिनिटं ड्यूटीत धरा आणि दुसऱ्या दिवशी तेवढं लवकर सोडा. फुकटात थांबवलेली माणसं घड्याळाकडे बघत बसतात. महिन्यातून एकदा हीच बैठक सकाळी आठला रात्रपाळीसाठी घ्या.

आठ-दहा जण पुरेत. सगळे बसलेले हवेत. डॉक्टर खुर्चीत, सिस्टर बाकावर आणि मावशी भिंतीला टेकून उभ्या, अशी मांडणी झाली की कोणी बोलायचं आणि कोणी ऐकायचं हे न सांगताच ठरून जातं. फोन बाहेर, रेकॉर्डिंग नाही.

वेळेची विभागणी अशी ठेवा. पहिली दोन-तीन मिनिटं मागच्या आठवड्यात जे बदलायचं ठरलं होतं ते झालं का. पुढची बारा मिनिटं एकाच चिठ्ठीवर. शेवटची पाच मिनिटं काय बदलायचं, कोण करणार, कोणत्या दिवशी. एका बैठकीत एकच चिठ्ठी. तीन घेतल्या तर तिन्हींचं वरवर बोलणं होतं आणि ‘सगळ्यांनी काळजी घ्या’ वर उठतात. चिठ्ठी समन्वयकाने वाचायची. लिहिणाऱ्याला बोलायचं असेल तर बोलेल, नसेल तर आग्रह नको.

नमुन्यासाठी इन्सुलिनची चिठ्ठी घेऊ, कारण आपल्याकडे ही चूक वारंवार होते. आपल्याकडे इन्सुलिनच्या साध्या बाटल्या बहुतेक ४० युनिट प्रति मिलीच्या असतात. त्यांची सिरिंज वेगळी, लाल टोपीची. १०० युनिट प्रति मिलीची सिरिंज नारिंगी टोपीची. दोन्ही पारदर्शक, दोन्हींवर बारीक रेघा, आणि रात्रीच्या उजेडात लाल आणि नारिंगीत फार फरक दिसत नाही.

प्रसंग असा. रुग्णाला रात्री २० युनिट लिहिलेले. वॉर्डातल्या ४० च्या सिरिंज संपल्या होत्या, म्हणून नातेवाइकांना चिठ्ठी दिली आणि त्यांनी बाहेरच्या मेडिकलमधून १०० ची सिरिंज आणली. सिस्टरने ४० च्या बाटलीतून २० च्या रेघेपर्यंत भरलं. म्हणजे ०.२ मिली. म्हणजे प्रत्यक्षात ८ युनिट. सकाळी साखर ३१०. राउंडला डॉक्टरांनी बघितलं, २० पुरत नाहीत असं वाटलं, सकाळचा डोस २० वरून २८ केला. तोवर फार्मसीतून लाल टोपीच्या सिरिंज आल्या होत्या. सकाळच्या सिस्टरने बरोबर २८ युनिट दिले. अकरा वाजता रुग्ण घामाघूम, साखर ५२.

बैठकीत पहिलं उत्तर ठरलेलं येतं: ‘टोपीचा रंग बघायला हवा होता.’ इथे थांबलात तर निष्पन्न होतं एक परिपत्रक, ‘सर्व सिस्टरांनी टोपीचा रंग तपासावा’. दोन महिन्यांनी तीच चूक. त्यामुळे बैठक चालवणाऱ्याने ‘कोणी’ हा प्रश्न सोडून ‘काय’ आणि ‘कसं’ विचारत राहायचं.

नारिंगी टोपीची सिरिंज हातात आली कशी? स्टॉक संपला होता. का संपला? इंडेंट सोमवारी आणि गुरुवारी जातो, रविवारी दोन मधुमेही रुग्ण वाढले. नातेवाइकांनी १०० ची का आणली? चिठ्ठीवर नुसतं ‘इन्सुलिन सिरिंज’ लिहिलं होतं, मेडिकलवाल्याने हाताला आली ती दिली. डोस वाढवताना रात्रीचा डोस खरंच पूर्ण गेला का, हे कोणी विचारलं? नाही. कारण केस पेपरवर २० युनिट दिल्याची सही होती.

आता दुरुस्त्या दिसायला लागतात, आणि त्या चार वेगवेगळ्या ठिकाणच्या आहेत. फार्मसीने बाटली आणि १० सिरिंज एकाच पिशवीत बांधून द्यायच्या. वॉर्डात ४० च्या किमान ५० सिरिंज शिल्लक हव्यात, त्याखाली गेलं की इंडेंटच्या वाराची वाट न बघता मागवायचं. बाहेरून आणलेली सिरिंज इन्सुलिनला वापरायचीच नाही. आणि साखर अचानक वर दिसली की डोस वाढवण्याआधी डॉक्टरांनी विचारायचं: ‘काल कोणत्या सिरिंजने दिलं?’ यातलं शेवटचं सगळ्यात अशक्त, कारण ते आठवणीवर अवलंबून आहे. पहिलं सगळ्यात भक्कम.

हीच गाठ उलटी पडली, म्हणजे १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज, तर अडीचपट इन्सुलिन जातं. पेनची सुई संपली म्हणून पेनच्या कार्ट्रिजमधून ४० च्या सिरिंजने ओढून घेतलं तरी हेच होतं, कारण कार्ट्रिज १०० चं असतं. हा प्रकार तुमच्याकडे चालतो का, हे याच बैठकीत मोकळेपणी विचारून घ्या.

कोणता उपाय टिकतो

माणसाच्या लक्षावर विसंबलेला उपाय पंधरा दिवस टिकतो. परिपत्रक, सूचना, ‘पुन्हा प्रशिक्षण’ हे सगळं त्याच जातीचं. वस्तू हलवणं, काढून टाकणं, वेगळी बांधणं हे टिकतं. बैठकीतून निदान एक उपाय या दुसऱ्या प्रकारचा निघालाच पाहिजे, असा नियम ठेवा.

पोटॅशियम क्लोराइड घ्या. १० मिलीच्या ॲम्प्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं. पाण्याच्या ॲम्प्युलशेजारी ठेवलेलं असलं आणि पातळ न करता थेट शिरेत गेलं, तर हृदय थांबू शकतं. ‘नीट वाचून घ्या’ असं सांगण्यापेक्षा सर्वसाधारण वॉर्डातून ते काढून आयसीयूत कुलुपात ठेवा. हेपारिनची ५ मिलीची बाटली १००० युनिट प्रति मिलीचीही येते आणि ५००० चीही. वॉर्डात एकच ठेवा. डोपामिन आणि डोब्युटामिन एका कप्प्यात नकोत. मेथोट्रेक्सेट सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, रोज गेलं तर जिवावर बेततं. फार्मसीने वार लिहिल्याशिवाय ती गोळी वॉर्डात पाठवूच नये.

लिहिण्यातल्या आणि बोलण्यातल्या चुकांच्या चिठ्ठ्या खूप येतील, आणि त्यातल्या काही खास आपल्याकडच्या असतील. एकाच केस पेपरवर मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळलेले असतात. घाईतला मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी चार इंग्रजी आठसारखा. औषधाच्या तक्त्यावर आकडे इंग्रजीच, हा नियम एकदाच करून टाका. ‘युनिट’ पूर्ण लिहायचं. नुसता इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि चारचे चाळीस होतात. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना दशांश चिन्हाआधी शून्य हवा, आणि पूर्ण एक असेल तर पुढे दशांश शून्य नको.

रात्रीच्या फोनवर सात आणि साठ यांत गफलत होते. सिस्टरने ऐकलं ते केस पेपरवर लिहायचं, मग लिहिलेलंच वाचून दाखवायचं: ‘सर, साठ, सिक्स झिरो मिलिग्रॅम, शिरेतून, बरोबर?’ डॉक्टरांनी ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, आणि सकाळच्या राउंडला सही. झोपमोड झालेले डॉक्टर वैतागतात. त्यांनी वैतागायचं नाही, हेही नियमातच लिहा. वैतागलेल्या आवाजामुळे सिस्टर पुन्हा विचारत नाहीत आणि अंदाजाने भरतात.

वरच्यांची चिठ्ठी

सगळ्या चिठ्ठ्या सिस्टरांच्या हातच्या चुकांच्या असतील, तर ती बैठक सिस्टरांची पेशी होते. पहिल्या तीन बैठकांपैकी निदान दोन डॉक्टरांच्या किंवा व्यवस्थापनाच्या चुकांवर घ्या: न वाचता येणारं अक्षर, ॲलर्जी विचारायची राहिली, तोंडी ऑर्डर देऊन सही केली नाही, नाईटला एकच सिस्टर लावली. मुख्य डॉक्टरांनी पहिल्या बैठकीत स्वतःची एक चूक सांगावी, तीही वीस वर्षांपूर्वीची, शिकत असतानाची नको. गेल्या महिन्यातली, याच वॉर्डातली.

बोलण्याची रीत ठरवून घ्या. ‘सिस्टर, तुमच्याकडून असं झालंच कसं?’ हा प्रश्न दिसतो साधा, पण तो ऐकून माणूस बचावाला उभा राहतो. त्याऐवजी ‘सिस्टर, तेव्हा ट्रेमध्ये काय काय होतं?’ असं विचारा. नाव उच्चारायचीच गरज पडली तर ‘सिस्टर’, ‘ब्रदर’, ‘मावशी’, ‘डॉक्टर’ एवढंच. बैठकीत डॉक्टरांनी सिस्टरना अरे-तुरे करायचं नाही. कोणाचा आवाज चढला, तर चालवणाऱ्याने चिठ्ठी तिथेच मिटायची आणि पुढच्या आठवड्यात घ्यायची. हे करायला बैठक चालवणारा धीराचा हवा, आणि मालक डॉक्टरांनी त्याला तो अधिकार सगळ्यांसमोर दिलेला हवा.

कायद्याचं काय

हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो, त्यामुळे तयारीने जा. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी साधी चूक पुरेशी नाही, घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६ खाली, उपचार करताना निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ग्राहक आयोगाकडची तक्रार वेगळी. अमेरिकेत अशा अंतर्गत अहवालांना २००५ च्या एका कायद्याने संरक्षण दिलं आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही.

म्हणून चिठ्ठीत आणि बैठकीच्या नोंदीत रुग्णाचं नाव नाही, कर्मचाऱ्याचं नाव नाही, ‘दोषी’, ‘हलगर्जी’ असे निष्कर्ष नाहीत. फक्त काय घडलं आणि काय बदललं. वैद्यकीय वस्तुस्थिती मात्र केस पेपरवर पूर्ण हवी. ती गाळून फक्त चिठ्ठीत लिहिणं म्हणजे लपवणंच. नमुना चिठ्ठी आणि शिक्षेच्या रेघेचं पान रुग्णालयाच्या वकिलांना एकदा दाखवून घ्या.

औषध बरोबर दिलं, डोस बरोबर होता, तरी अंगावर उठलं किंवा त्रास झाला, तर ती चूक नाही. ती औषधाची प्रतिक्रिया, आणि ती गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालवल्या जाणाऱ्या औषध दक्षता कार्यक्रमाला कळवायची असते. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. दोन्हींची सरमिसळ करू नका.

मोजायचं काय

दर महिन्याला तीन आकडे भिंतीवर लावा: चिठ्ठ्या किती आल्या, त्यातल्या किती चुका रुग्णापर्यंत पोचल्याच नव्हत्या, आणि किती चिठ्ठ्यांवर सात दिवसांत बदल झाला. वर्गवारीसाठी अमेरिकेतली ए ते आय ही नऊ पायऱ्यांची पट्टी सोयीची आहे. ए म्हणजे चूक होण्यासारखी परिस्थिती, बी म्हणजे झाली पण रुग्णापर्यंत पोचली नाही, सी म्हणजे पोचली पण इजा नाही, डी म्हणजे जादा लक्ष ठेवावं लागलं. ई पासून इजा सुरू होते आणि आय म्हणजे मृत्यू. ई किंवा त्याच्या पुढची घटना साप्ताहिक बैठकीची वाट बघत नाही. त्याच दिवशी मुख्य डॉक्टर, मेट्रन आणि समन्वयकांनी बसायचं.

पहिल्या सहा महिन्यांत चिठ्ठ्यांचा आकडा वाढलाच पाहिजे. हे व्यवस्थापनाला आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘चुका वाढल्या’ म्हणून तेच घाबरतात. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषध-चुकांचा अभ्यास केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या इन्चार्जच्या, मोकळ्या वातावरणाच्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथे लोक बोलत होते. त्यामुळे ‘शून्य चूक वॉर्ड’ म्हणून ट्रॉफी देऊ नका; त्या महिन्यापासून पेटी रिकामी होते. एनएबीएचच्या (रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) तपासणीच्या तोंडावर एका रात्रीत वीस चिठ्ठ्या भरून घेणंही तितकंच घातक. खरी चिठ्ठी आणि भरवलेली चिठ्ठी यांतला फरक सिस्टरना चांगला कळतो, आणि मग खऱ्याही त्याच नजरेने बघितल्या जातात.

बंद पडायला लागली तर

चौथ्या-पाचव्या महिन्यात चिठ्ठ्या आटतात. कारणं बहुधा दोनच. एक, काही बदललं नाही. जुन्या चिठ्ठ्या काढा, अर्धवट राहिलेले उपाय शोधा आणि त्यातला सगळ्यात सोपा याच आठवड्यात पुरा करून चिठ्ठी लिहिणाऱ्याला स्वतः जाऊन दाखवा. दोन, कोणाला तरी सांगितल्याचं फळ भोगावं लागलं. लागोपाठ नाईट लागली, राउंडला सगळ्यांदेखत टोमणा बसला. ही गोष्ट समन्वयकाच्या कानावर येतेच. अशा वेळी समन्वयकाने शिक्षेच्या रेघेचं सही केलेलं पान घेऊन मुख्य डॉक्टरांकडे जायचं, ड्यूटी लिस्ट त्याच दिवशी बदलून घ्यायची, आणि ती बदलली हे पुढच्या बैठकीत, कोणाचं नाव न घेता, सांगायचं.

सिस्टर वर्षा-दीड वर्षात नोकरी बदलतात, त्यामुळे पद्धत माणसांबरोबर निघून जाते. नव्या सिस्टरच्या पहिल्या आठवड्यात तिला ट्रॉली दाखवताना कोणती वस्तू कोणत्या चिठ्ठीमुळे हलली, हे दाखवा: ही लाल टोपीची पिशवी का बांधलेली असते, पोटॅशियम या कपाटात का नाही. आणि आठ दिवसांनी तिलाच विचारा, इथलं काय विचित्र वाटलं? नव्या माणसाला दिसणाऱ्या गोष्टी जुन्यांना दिसेनाशा झालेल्या असतात. ती जे सांगेल ते चिठ्ठीवर उतरवून घ्या आणि पुढच्या बैठकीत तीच चिठ्ठी वाचा.